मिलिंदाचा प्रश्न आणि आपला जलसा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय स्थापिले. ते पुढे ‘मिलिंद’ झाले व त्याचा परिसर ‘नागसेनवन’. शंका विचारणारा राजा आणि तिचे निरसन करणारा भिक्खू! आपल्या सांस्कृतिक चळवळीची कसोटी या दोन नावांतच आहे.

भीमराव कर्डकांच्या जलशाने तमाशाचा साचा घेतला. मात्र त्यात शिक्षण, रूढी व मानवी हक्क यांविषयीचे सवाल भरले. पुढे प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ हे नाटक ‘मिलिंद’च्या विद्यार्थ्यांनीच रंगमंचावर आणले. ज्यांचा इतिहास, तेच नट. समाजाची उभारणी होते ती अशा सहभागातून.

आज जयंतीला ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढला. सवाल मात्र हरपला. भाडोत्री वाद्यवृंदापुढे समाज केवळ श्रोता उरतो. गौरवगीत त्याज्य नव्हे. कृतज्ञता हाही धम्माचाच भाग होय. परंतु कालामांना परीक्षेचा मार्ग दाखविणाऱ्या तथागतांच्या अनुयायांना निव्वळ जयघोष पुरेसा नाही. विहाराविहारांतून वर्षावासात मुलांनी स्वतः लिहिलेली एक तरी नाटिका उभी राहावी. मिलिंदाने प्रश्न विचारणे थांबविले, तर नागसेन बोलणार कोणाशी?