आधी कानोसा

र. धों. कर्वे यांचं 'समाजस्वास्थ्य' १९२७ ते १९५३ चाललं. अश्लीलतेचे खटले झाले; १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूनं उभे राहिले. त्या माणसाच्या धैर्याबद्दल दुमत नाही. पण मुखपृष्ठावर बहुधा उघड्या बाईचं चित्र! सासू-सासऱ्यांच्या घरात असा अंक सुनेनं ठेवायचा कुठं? माहिती होती, पण ती पोरीबाळींच्या हाती जायला वाट नव्हती.

डॉ. राणी बंग यांनी वाट दुसरीकडून काढली. गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बाया तपासल्या. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'नं ते छापलं. ९२ टक्के बायांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार, आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. तरी त्यांचं 'कानोसा' मला मोठं वाटतं ते आकड्यांसाठी नाही. नावाप्रमाणे त्यांनी आधी ऐकलं, बाया आपल्या अंगाबद्दल कोणत्या शब्दांत बोलतात ते. सांगणं मग.

आमच्या मोहगावात हे शब्दांचंच अडतं. पोरगी घरी मराठी बोलते, शाळेत हिंदी. दहावीत 'जीव जनन कैसे करते हैं' पाठ करते, पण अंगावरून पांढरं जातं हे आईला सांगताना त्यातला एक शब्द कामी येत नाही. आई म्हणते, हाडं झिजतात. अगं, महिन्याच्या मधल्या दिवसांत पातळ, बिनवासाचं जाणं हे निरोगी शरीराचंच काम आहे. खाज सुटली, घाण वास आला, दह्यासारखं किंवा हिरवट गेलं, तर डॉक्टरणीकडे जायचं. एवढं सांगायला दोन मिनिटं लागतात. २००७ मध्ये शाळांतून हा विषय शिकवायचं निघालं, तर मध्य प्रदेशानंही नको म्हटलं आणि पलीकडच्या महाराष्ट्रानंही.

आपल्या समाजात तर ब्रह्मचर्याचं नाव पुढं केलं की विषय मिटला. मला हे पटत नाही. गृहस्थाचं अणुव्रत स्वदारसंतोषाचं आहे; शास्त्रकारांनी देहसंबंध नाकारला नाही, त्याला मर्यादा घातली, आणि ती घालताना अतिचार एकेक करून, नावं घेऊन सांगितले. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात ते आहेत. पाठशाळेतली आठवीची पोर 'अनंगक्रीडा' हा शब्द घडाघडा म्हणून दाखवते. अर्थ विचारला, की शिकवणाऱ्या बाई पुढचं सूत्र घेतात.