रिकामी यादी म्हणजे उत्तर नव्हे

पायथनमधल्या एलिमेंटट्रीचं ट्युटोरियल्समध्ये कौतुकच वाचायला मिळतं, आणि ते खोटं नाही. २००६ च्या पायथन २.५ पासून ती भाषेसोबतच येते, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. पण संशोधनासाठी वापरणार असाल, तर तिची एक खोड ओळखून ठेवा: नाव चुकलं तरी ती तक्रार करत नाही, गुपचूप रिकामी यादी हातात ठेवते.

समजा, सातारा ते सांगली कृष्णाकाठाने फिरून तुम्ही २०१९ च्या पुराच्या खुणा जीपीएसवर नोंदवल्या. जीपीएक्स फाइल म्हणजे शेवटी एक्सएमएलच. प्रत्येक नोंदीचा टॅग 'डब्ल्यूपीटी'. फाइल उघडली की तो डोळ्यांना दिसतो, फाइंडऑलने शोधला की मिळत नाही! कारण फाइलच्या सुरुवातीलाच नेमस्पेस जाहीर केलेली असते. म्हणजे टॅगला आडनाव असतं, आणि आपण नुसत्या नावाने हाक मारतो. हा बग नाही. १९९९ च्या एक्सपाथ १.० चा नियमच आहे: उपसर्ग नसलेलं नाव म्हणजे नेमस्पेस नसलेलं नाव. उपाय सोपा आहे. नेमस्पेसची डिक्शनरी द्या, किंवा पायथन ३.८ पासून टॅगआधी महिरपी कंसात तारका टाका.

एवढ्यावर भागत नाही. आता 'कऱ्हाड' शोधून बघा. यातला अर्धा र तीन प्रकारे टाइप झालेला असू शकतो: थेट ऱ, र अधिक नुक्ता, किंवा र, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्ही सारखेच, पण तुलना होते ती कोडची. एनएफसी नॉर्मलायझेशन पहिले दोन एक करतं. तिसरा तुम्हालाच बदलावा लागतो. आणि कुणी सरळ 'कराड' लिहिलं असेल तर तो वेगळाच शब्द. एलएक्सएमएलकडे गेलात तरी हा प्रश्न तसाच राहतो.

माझा आक्षेप इथेच आहे. 'कंटेन्स'सारखं न पेलणारं फंक्शन दिलं की एलिमेंटट्री लगेच एरर देते. म्हणजे तिला बोलता येतं. पण नाव जुळलं नाही की गप्प! कोयना कृष्णेला मिळते ती कऱ्हाडलाच, आणि सांगली त्याच्या खाली. तिथल्या नोंदी गळल्या तर सांगलीच्या पुराचा सगळा हिशोबच लंगडा, आणि प्रबंधात मात्र 'खूण आढळली नाही' असं ठाम वाक्य.

म्हणून शून्य आलं की आधी तीन गोष्टी करा. फाइलमधले एकूण एलिमेंट मोजा. पहिल्या पाचांची टॅग-नावं प्रिंट करून बघा. आणि जी नोंद फाइलमध्ये आहे हे नक्की माहीत आहे, तीच त्याच क्वेरीने मागा. तीही मिळाली नाही, तर दोष नदीकाठचा नाही, क्वेरीचा आहे. एलिमेंटट्री जरूर वापरा. फक्त तिच्या गप्प बसण्याला निष्कर्ष समजू नका.