एक्स-रे 'नॉर्मल', काटा आतच

पेट पास झालात की गाईड पहिलं सांगतात, "वाचा." कसं वाचायचं ते मात्र आपलं आपणच शिकायचं. म्हणून आज एक जुना मजकूर तपासू: सुश्रुतसंहिता, सूत्रस्थान, अध्याय २६. विषय, शरीरात रुतून हरवलेलं शल्य शोधायचं कसं.

निमित्त घरचंच. कुंपण करताना माझ्या काकांच्या दंडात बाभळीचा काटा मोडला. गावाजवळ एक्स-रे काढला, 'नॉर्मल' आला, घरी पाठवलं. तीन आठवडे दंड ठणकत राहिला. मग इथे संभाजीनगरला सोनोग्राफी झाली, तेव्हा स्नायूत खोल काटा दिसला. डॉक्टरांनी आधी त्वचेवर खूण केली, मगच चीर दिली. दंडाच्या आतल्या बाजूने मोठी धमनी आणि नसा जातात. तिथे चाचपडत कापून कसं चालेल?

एक्स-रे खोटा नव्हता. धातू, खडा, बहुतेक काच त्यात दिसते; लाकूड, काटा सहसा दिसत नाही. 'दिसला नाही' या निरीक्षणाचं कुणीतरी 'नाही' करून टाकलं, एवढंच.

सुश्रुताचं मला आवडतं ते इथे. शोधणं २६व्या अध्यायात, काढणं २७व्यात. शल्य कुठे लपलंय त्याप्रमाणे शोधायची रीतही बदलते. त्वचेत असेल तर थिजलेलं तूप किंवा चंदनाचा लेप लावा. जिथे तूप लवकर पाघळेल, लेप लवकर सुकेल, तिथे शल्य. सुजेच्या जागी उष्णता वाढते, हे आपणही मानतो. मांसात असेल तर हा लेप सांगितलेला नाही. तिथे स्नेहन-स्वेदनाने शल्य सैल करून वेदना कुठे उठते ते बघायचं.

पण त्याच अध्यायात म्हटलंय की सोनं, चांदी, तांबं, शिसं शरीरात फार दिवस राहिलं तर पित्ताच्या उष्णतेने विरून जातं. लाकूड, बांबू, शिंग मात्र विरत नाही. लाकडाचं काकांच्या दंडाने पटवलं. शिशाचंही थोडंफार खरं आहे, सांध्यात अडकलेल्या गोळीतलं शिसं हळूहळू रक्तात उतरतं. पण सोनं? दातावरची सोन्याची टोपी वर्षानुवर्षं टिकते! तुपाची रीत कुणीही करून बघू शकतं. सोन्याचं विधान कुणी, कशावरून केलं, याचा पत्ता अध्यायात लागत नाही. दोन्ही एकाच सुरात सांगितलीत, ही माझी तक्रार. 'सगळं आधीच लिहून ठेवलंय' म्हणणारे आणि 'सगळं थोतांड' म्हणणारे, दोघांनीही हा अध्याय पूर्ण वाचलेला नसतो.

काटा काकांनी काडेपेटीत जपून ठेवलाय. मी पट्टीने मोजला: पावणेदोन सेंटिमीटर.