गाण्यांची थकबाकी

बँकेत वीस वर्षं दुसऱ्यांच्या खात्यांतल्या चुका काढल्या, की माणसाला एक वाईट खोड लागते. घरी आल्यावरही तो चष्मा कपाळावर चढवून कुणाची तरी तूट शोधत बसतो. मी अशांपैकी एक.

गेल्या दिवाळीत आम्ही सगळे बपेऱ्याला जमलो होतो. बपेरा हे आमचं मूळ गाव. तुमसरहून रस्ता इथपर्यंत येतो आणि आणखी थोडा पुढे गेला की मध्य प्रदेशात शिरतो. रात्रीची जेवणं आटोपली होती. ओसरीवर मुलं बसली होती. बसली होती म्हणजे देहानं. प्रत्येकाच्या कानात चिंचोक्याएवढी पांढरी बी खोचलेली, आणि ज्याची त्याची मान वेगळ्याच तालात हलत होती. पाच मुलं, पाच गाणी, आणि ओसरीवर चिडीचूप!

मला राहवलं नाही. मी विचारलं, ‘‘सांगा बरं, गीतरामायण कुणी लिहिलं?’’

धाकटा पुतण्या तत्परतेनं म्हणाला, ‘‘वाल्मिकींनी!’’

उत्तर अगदीच चूक म्हणवेना. तरी मी घसा साफ करून सुनावलं, की १९५५ ते ५६ असं वर्षभर पुणे आकाशवाणीवरून ते प्रसारित झालं, गाणी छप्पन्न, शब्द गदिमांचे आणि चाली बाबूजींच्या. बाबूजी म्हटल्याबरोबर सगळ्या मुलांनी शेजारच्या काकांकडे पाहिलं. त्यांना गावात बाबूजी म्हणतात. काकाही क्षणभर सुखावले.

मी कपाळावर हात मारला. ‘‘अरे, तुम्हाला ‘झिंगाट’च्या पलीकडे काही आहे की नाही?’’

यावर माझी कन्या म्हणाली, ‘‘बाबा, ‘झिंगाट’ जुनं झालं. मी लहान होते तेव्हाचं आहे ते.’’

‘सैराट’ आला २०१६ साली. मी ज्याला आजच्या पिढीचा धिंगाणा म्हणून नावं ठेवत होतो, तो आजच्या पिढीच्या लेखी भावगीतांच्या जमान्यात जमा झालेला! एवढ्यावर थांबेल तर ती माझी मुलगी कसली? तिनं उलटतपासणी सुरू केली. ‘‘एम. सी. स्टॅन कोण, सांगा.’’

‘‘असेल कुणीतरी अमेरिकेतला.’’

‘‘पुण्याचा आहे, बाबा! रॅप करतो. २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला तो.’’

पुण्याचा! म्हणजे गीतरामायणाच्याच पुण्याचा! मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. अशा वेळी दुसरं काही करता येत नाही.

आरामखुर्चीत बाबा गालातल्या गालात हसत होते. म्हणाले, ‘‘तू ‘आशिकी’ची कॅसेट आणली होतीस तेव्हा मी टेप बंद केला होता, आठवतं का? अन् मी दर बुधवारी बिनाका गीतमाला लावली, की माझे वडील रेडिओ बंद करायचे.’’

आता हे गणित तपासून पाहण्यासारखं आहे. बिनाका गीतमाला सिलोनवरून का ऐकावी लागे? तर १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री झालेल्या बाळकृष्ण केसकरांना सिनेसंगीत हलकं वाटे. आकाशवाणीवर त्याची गळचेपी झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस अमीन सयानींनी ते सिलोनवरून घरोघर पोचवलं. शेवटी १९५७ साली सरकारलाही विविध भारती काढावी लागली. ज्या गाण्यांना आम्ही सुवर्णकाळ म्हणून डोळे मिटतो, त्यांना सुवर्णकाळातल्याच एका विद्वान माणसानं पितळ ठरवलं होतं. तेव्हा पितळेचं सोनं व्हायला तीसेक वर्षं लागतात, असा हिशेब दिसतो. एम. सी. स्टॅनच्या वाट्यालाही ते दिवस येतील. कुणी सांगावं!

दुसरी गोष्ट जास्त बोचणारी आहे. मला गीतरामायण पाठ आहे, ते काही मी रसिक म्हणून नव्हे. घरात रेडिओ एक, खोली एक, आणि बटण बाबांच्या हातात. ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माझी रसिकता म्हणजे निव्वळ नाइलाज! आज प्रत्येक कानाला स्वतंत्र बटण आहे. मोठ्याने लावून ‘हे ऐक’ म्हणायचं आम्हीच सोडलं, आणि आता ‘एवढंही माहीत नाही?’ म्हणून दंड वसूल करतो. खात्यात कधी भरलंच नाही, त्यावर व्याज मागणारी बँक जगात दुसरी नसेल.

एवढ्यात दाराशी बसलेली माझी म्हातारी आत्या काहीतरी गुणगुणली. आमचा मुलूख धानाचा. पावसाळ्यात बांधीत वाकून रोवणी करताना बाया जे म्हणत, त्यातलं काहीतरी असावं. मी हे गाणं लहानपणी शंभरदा ऐकलं असेल. पण एक शब्द विचाराल तर सांगता यायचा नाही. रेडिओवर लागत नव्हतं ना! बाबांनाही येत नव्हतं. छप्पन्न गाण्यांची यादी तोंडपाठ असणाऱ्या दोन पिढ्या दाराकडे नुसत्या बघत राहिल्या.

कन्येनं कानातली बी काढली. उठून आत्याजवळ गेली, मोबाईल पुढे धरला आणि म्हणाली, ‘‘आजी, परत म्हण ना.’’

आत्यानं दोन ओळी म्हटल्या आणि ती थांबली.

‘‘पुढचं?’’

‘‘समोरचा माह्या मायले येत होता,’’ आत्या म्हणाली. ‘‘ते गेली, गाना बी गेला.’’

ओसरीवर कुणी बोललं नाही. परीक्षा मी घेतली होती, नापास मुलं झाली होती, आणि विचारायची अक्कल एकट्या तिलाच सुचली होती. आम्हाला सुचली असती तर तेव्हा विचारायला ती माय जिवंत होती.

त्या दोन ओळी आता मुलीच्या मोबाईलमध्ये आहेत. मूळ रक्कम बुडाली, एवढीच काय ती वसुली. मी चष्मा कपाळावरून खाली ओढला. तूट सापडली होती. खातं माझंच होतं.