उबेआधी थंडी हवी

डिसेंबर उजाडला की इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांत एकाच वळणाच्या मुखपृष्ठांचा ढीग लागतो: बर्फाने झाकलेलं छप्पर, खिडकीत पिवळा उजेड, दाराशी लाल मफलरातली जोडी. यंदा त्यातली एक कादंबरी हौसेने घेतली. शहरातली नोकरी गेलेली नायिका आत्याची डबघाईला आलेली बेकरी सावरायला गावी येते. शेजारी विधुर सुतार, त्याची गोड मुलगी आणि एक कुत्रा. शेवटाकडे एक गैरसमज होतो आणि दहा पानांत मिटतो. बेकरीवर कर्ज किती, हे मात्र अखेरपर्यंत कळत नाही. दालचिनीच्या रोलचा घमघमाट अकरा वेळा सुटतो, मी मोजलं.

शेवट आधीच ठाऊक होता, ही माझी तक्रार नाही. अमेरिकेतली रोमान्स लेखकांची संघटना या प्रकाराला दोनच अटी घालते: मध्यभागी प्रेमकथा हवी आणि शेवट समाधानाचा, आशेचा हवा. हरिश्चंद्राचं पुढे काय होतं हे ठाऊक असूनही कीर्तनात डोळे पाणावतातच. गोष्ट माहितीची असली की सांगणाऱ्याची जबाबदारी उलट वाढते.

नाताळची आणि पुस्तकाची सोयरीक जुनी आहे. डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ 19 डिसेंबर 1843 रोजी आलं. त्यातला आनंद आपल्याला भिडतो, कारण त्याआधी स्क्रूजच्या कचेरीत कारकुनाची शेगडी जेमतेम एका कोळशावर धुगधुगताना आपण पाहिलेली असते. ओ. हेन्रीच्या ‘द गिफ्ट ऑफ द मॅजाय’मध्ये (1905) डेलाजवळ नेमके 1 डॉलर 87 सेंट असतात. तो आकडा आहे म्हणून नवऱ्याच्या भेटवस्तूसाठी तिने केस विकण्याला वजन आहे. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’त (1815) तर नाताळच्या आदल्या रात्री बर्फ पडतो, पाहुण्यांची पांगापांग होते आणि बंद गाडीत मिस्टर एल्टन एमाला मागणी घालतो. मैत्रिणीसाठी हेरून ठेवलेलं स्थळ आपल्याच गळ्यात पडू पाहतंय, हे एमाला तिथे कळतं. तो बर्फ शोभेचा नाही. तो तिला पळायला जागा ठेवत नाही.

आजच्या बहुतेक नाताळी कादंबऱ्यांत बर्फ मखरातल्या कापसासारखा असतो. हॉलमार्क वाहिनी 2009 पासून दरवर्षी नाताळपटांची रांग लावते. कादंबऱ्याही त्याच साच्यात ओतल्यासारख्या वाटतात: दृश्य आहे, पेच नाही.

दोष साच्याचाही नाही. जेनी कोलगनच्या ‘द ख्रिसमस बुकशॉप’मध्ये (2021) सामान तेच आहे: नोकरी गेलेली कारमेन, एडिनबराचं हिवाळी रूप, बुडीत चाललेलं पुस्तकांचं दुकान. पण कारमेनला आसरा घ्यावा लागतो तो सगळं नीट जमलेल्या बहिणीच्या घरी. त्या दोघींमधली जुनी खुन्नस, उपकाराचं ओझं, न बोललेला मत्सर यांमुळे गोष्टीत खरी थंडी शिरते. मग ऊबही खरी वाटते.

पुढच्या डिसेंबरातही अशी कादंबरी मी घेईनच. फक्त पैसे देण्याआधी मधली चार पानं चाळून बेकरीच्या कर्जाचा आकडा शोधेन. तुम्हीही शोधा, सापडला तरच पुस्तक घरी न्या.