गुणपत्रिका आणि मतपत्रिका

कॉलेजातला विद्यार्थी-प्रतिनिधी नेमका कोणाचा? १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने खुल्या निवडणुका बंद केल्या आणि वर्गात पहिला येईल तो प्रतिनिधी, असे ठरविले. हाणामाऱ्या थांबाव्यात हा हेतू काही वाईट नव्हता. परंतु पहिला नंबर हा परीक्षकाचा कौल, वर्गाचा नव्हे. संगमेश्वरच्या मुलाचे विद्यापीठ पडले मुंबईला. एस.टी. चुकल्याने बुडालेला तास, रखडलेला निकाल, हे गाऱ्हाणे तिथवर पोचवावयाचे तर थोडा भांडखोरच हवा! शिवाय तो कामचुकार निघाला, तर त्याला पाडण्याची सोय हवी. गुणवंताला कोण पाडणार? २०१६ च्या कायद्याने मुलांना मत परत दिले खरे. पण २०१९ साली ठरलेल्या निवडणुका सरकारनेच पुढे ढकलल्या.