पाण्यात ऑक्सिजन ‘असतो’ म्हणजे काय?

विज्ञानाच्या मराठी पुस्तकांत, मार्गदर्शकांत आणि वर्गातल्या फळ्यावरही एक क्रियापद फार राबते. पाण्यात हायड्रोजन व ऑक्सिजन असतात. मिठात सोडियम असते. हवेत नायट्रोजन असतो. दुधात साखर असते. वाक्ये सोपी आहेत, चटकन पाठ होतात. आमची तक्रार एवढीच की पहिल्या दोन वाक्यांतले ‘असणे’ आणि पुढच्या दोन वाक्यांतले ‘असणे’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हे मुलांना वाक्यावरून कळण्याचा कोणताही मार्ग नाही.

भोर-वेल्हे भागातल्या मुलांना हा फरक समजावण्यासाठी प्रयोगशाळेत न्यायला नको. वेळवंडी नदीवरचे, १९२०च्या दशकात पुरे झालेले भाटघरचे धरण पुरेसे आहे. धरण दगडांचे आहे. धरणात पाणी आहे. या दोन वाक्यांचा अर्थ कुणालाही फोड करून सांगावा लागत नाही. आता ‘धरणात दगड आहेत’ असे म्हणून पाहा. जाळे टाकणारा माणूस ते ऐकून जाळे आवरून घेईल, कारण त्याच्या दृष्टीने हे दगड पाण्याच्या तळाशी आहेत, भिंतीत नव्हेत. तीन वाक्यांत क्रियापद एकच आहे. फरक केला तो ‘-चे’ आणि ‘-त’ या प्रत्ययांनी. आपली पुस्तके मात्र ‘धरणात दगड आहेत’ याच चालीवर ‘पाण्यात ऑक्सिजन असतो’ असे लिहितात आणि अर्थ भिंतीतल्या दगडांचा घ्यावा अशी अपेक्षा ठेवतात.

याचा परिणाम काय होतो? मासे श्वास कसा घेतात, असे सातवी-आठवीच्या वर्गात विचारून पाहावे. ‘कल्ल्यांनी पाण्यातला ऑक्सिजन घेतात’ हे उत्तर येते आणि ते बरोबर असते. पुढचा प्रश्न विचारावा : तो ऑक्सिजन घेतल्यावर पाण्याचे काय होते? वेल्ह्याकडच्या एका शाळेत एका मुलीने आम्हांला ठामपणे सांगितले, ‘हायड्रोजन उरतो, सर.’ तिच्या तर्कात खोट नव्हती. पाण्यात दोन वायू असतात असे तिला शिकवले होते. माशाने एक नेला, दुसरा उरला. तिला मिळालेले वाक्यच तसे होते.

वास्तविक मासा पाण्याच्या रेणूला हातही लावत नाही. तो घेतो तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वायू. एक लिटर, म्हणजे सुमारे एक किलो पाण्याच्या वजनात रेणूंमध्ये बांधलेला ऑक्सिजन सुमारे ८८८ ग्रॅम भरतो. त्याच पाण्यात २५ अंश सेल्सिअसला विरघळलेला ऑक्सिजन जेमतेम ८ मिलिग्रॅम मावतो. फरक लाखपटीचा आहे, आणि माशाचा सगळा संसार त्या ८ मिलिग्रॅमवर चालतो. पाणी तापले की हा आकडा आणखी उतरतो. सांडपाणी मिसळले की ते कुजवणारे जिवाणू त्यातलाच वाटा खातात. तो २-३ मिलिग्रॅमवर आला की बऱ्याच जातींचे मासे तगमगू लागतात. उन्हाळ्यात आटलेल्या डोहावर मेलेले मासे तरंगताना आपल्या मुलांनी पाहिलेले असतात. पाण्यात ८८ टक्के ऑक्सिजन ‘असतो’ असे शिकलेल्या मुलाला हे मासे गुदमरून मेले हे कसे पटावे? तो म्हणेल, कुणीतरी विष टाकले.

‘प्राणवायू’ या शब्दाने यात भरच घातली आहे. शब्द गोड आहे, पण त्यात ‘वायू’ ठाण मांडून बसला आहे. पाण्याच्या रेणूत वायू नाही; ऑक्सिजन या मूलद्रव्याचा अणू आहे. मूलद्रव्य आणि त्याचा वायू या दोहोंना एकच नाव असल्याने ही अडचण सर्वच भाषांत आहे, पण ‘प्राणवायू’ म्हटल्याने ती दुणावते. त्या मानाने ‘उद्जन’ हा मागे पडलेला शब्द चोख होता. हायड्रोजनच्या मूळ ग्रीक नावाप्रमाणेच त्याचा अर्थ ‘पाणी जन्माला घालणारा’. पाण्याच्या पोटात बसलेला, असा नव्हे.

हा घोळ आला कुठून? बराचसा भाषांतरातून आला असावा. इंग्रजीत या कामासाठी क्रियापदांचे एक कुटुंबच आहे : कन्टेन, कन्सिस्ट, कम्पोज, कॉम्प्राइज, इन्क्लूड. त्यांतले कॉम्प्राइज तर इंग्रजांनाही नीट सांभाळता येत नाही. नियमाने पूर्ण वस्तू आपल्या भागांना ‘कॉम्प्राइज’ करते आणि भाग मिळून वस्तूला ‘कम्पोज’ करतात. तरी ‘इज कॉम्प्राइज्ड ऑफ’ असे उलटे रूप सर्रास लिहिले जाते आणि त्यावर तिकडचे भाषापंडित आजही हमरीतुमरीवर येतात. पाण्याबाबत ‘कन्टेन’ म्हणणारे रसायनाचे लेखक इंग्रजीतही आहेतच. तेव्हा दोष एकट्या मराठीच्या माथी नको. पण इंग्रजीची ही पाच-सहा क्रियापदे मराठीत आणताना आपण सगळ्यांना ‘-त असते’ किंवा ‘-चा समावेश होतो’ या दोनच दावणींना बांधले, हे खरे. ‘समावेश होतो’ने तर यादी पुरी झाली की आणखी काही उरले, हेही कळत नाही.

मराठीला या क्रियापदांची गरजच नव्हती. ते काम आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये करतात, आणि शाळेत न गेलेला माणूसही त्यांत चुकत नाही. विटांची भिंत, भिंतीत कपाट, मातीपासून वीट. चुरमुरे, शेव, कांदा मिळून भेळ. पाहुणे धरून दहा पाने. ‘दुधापासून दही’ म्हणताच दूध आता दूध राहिले नाही हे ऐकणाऱ्याला उमगते, आणि रासायनिक संयोगाबद्दल सांगायचे ते नेमके हेच. भेळेतला कांदा वेचून काढता येतो; तसे हवेचे. ‘पाणी हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे बनलेले असते’ या बोजड वाक्याची पुष्कळ थट्टा होते. आम्ही त्याच्या बाजूने आहोत. वाक्य बेंगरूळ आहे खरे, पण प्रत्यय बरोबर आहे.

रसायनज्ञाने आपसात बोलताना ‘मिठात ३९ टक्के सोडियम असते’ म्हटले तर बिघडत नाही. तो हिशेबाचे बोलतो हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते. पण हिशेबाचे ‘असणे’ कधीकधी जाणत्यांनाही चकवते. आपल्या डोंगरांच्या काळ्या पाषाणाचे पृथक्करण पाहिले तर सिलिका सुमारे ५० टक्के लिहिलेली असते. वाळू म्हणजे सिलिका हे आपणच शिकवतो. मग निम्मा कातळ वाळूचा का? तसे नाही. त्यातले सिलिकॉन व ऑक्सिजन फेल्डस्पार, पायरॉक्सिन अशा खनिजांत गुंतलेले असतात. सिलिका ही केवळ मांडणीची रीत आहे.

भातखाचरावर नेलेल्या डीएपीच्या पोत्याचेही तसेच. त्यावर १८:४६:० असे छापलेले असते आणि त्याचा अर्थ ‘नत्र १८ टक्के, स्फुरद ४६ टक्के’ असा सांगितला जातो. दहावीच्या मुलांना डायअमोनियम फॉस्फेटचे सूत्र देऊन फॉस्फरसचे प्रमाण काढायला सांगावे. अगदी शुद्ध पदार्थातही ते साडेतेवीस टक्क्यांवर जात नाही. पोत्यावरचे ४६ हे फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजलेले आहेत, आणि पेंटॉक्साइड पोत्यात कणभरही नाही. प्रत्यक्ष फॉस्फरस २० टक्क्यांच्या आसपास. नत्र मात्र मूलद्रव्य म्हणूनच मोजलेले. एकाच ओळीत दोन मापे! बी.एस्सी. झालेल्यांनाही हे ठाऊक नसल्याचे आम्ही पाहिले आहे.

पाण्याचे दोन्ही ऑक्सिजन वर्गात वेगळे दाखवता येतात. नळाच्या थंड पाण्याचा काचेचा पेला उन्हात ठेवला की तासाभरात आतून बारीक बुडबुडे चिकटतात. ही पाण्यातली विरघळलेली हवा. दुसऱ्या पेल्यात चांगले उकळून, झाकून निववलेले पाणी घ्यावे. त्यात बुडबुडे जवळपास दिसणार नाहीत. आता याच पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवून, दोन्ही टोके तासलेल्या दोन पेन्सिली बुडवून नऊ व्होल्टची बॅटरी जोडावी. (मीठ वापरू नये, क्लोरीन निघतो.) हवा काढून टाकलेल्या पाण्यातूनही दोन्ही शिशांवर बुडबुडे येऊ लागतील. हे पाण्यातले नव्हेत, पाण्यापासूनचे. वायू नळ्यांत गोळा केल्यास हायड्रोजन दुप्पट यायला हवा, पण ऑक्सिजन निम्म्याहूनही कमी भरतो : त्याचा थोडा भाग पाण्यात विरघळतो आणि थोडा पेन्सिलीच्या कार्बनशी संयोग पावतो.